जसंच्या तसं

धुलाईच्या कारखान्यात तोंडाचं काम फारसं नव्हतंच. सकाळी यंत्रं सुरू झाली की शेजारी उभ्या बाईला हाक मारायची म्हटली तरी खांद्यावर थाप द्यावी लागे. इस्पितळांच्या नि हॉटेलांच्या चादरी वाफेच्या रोलरमधून गरम गरम बाहेर यायच्या. दोघींनी दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा, एक घडी, वर दुसरी घडी, की चादर गठ्ठ्यावर. समोरची बाई कुठल्या देशाची, कुठल्या भाषेची, याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. मान हलली की समजायचं. तिला तिथे सगळ्या वहिनी म्हणत, कारण त्यांच्याच मुलखातली मुकादमीण तिच्या नवऱ्याला भाऊ मानायची. या परक्या देशात तिने पंधरा-सोळा वर्षं अशी काढली होती. कारखान्यात हातांनी बोलायचं, घरात आपल्या भाषेत, आणि मधल्या सगळ्या जगाशी नवऱ्याने बोलायचं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. इथली भाषा तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरून, लोकांच्या शिव्या खात खात शिकला होता, आणि आता ती त्याच्या तोंडी अशी खेळायची की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. दवाखाना असो, बँक असो, घरमालक असो, तो पुढे आणि ती अर्धं पाऊल मागे. समोरचा माणूस चांगला घटकाभर बोलला तरी नवरा वळून तिला दोन वाक्यांत सांगून मोकळा व्हायचा. तिने एकदा विचारलंही होतं, की ते एवढं लांबलचक बोलले आणि तुम्ही एवढंसंच कसं सांगता. तो हसून म्हणाला होता, या भाषेत पाल्हाळच फार, मी तुला सार काढून देतो. तिला ते पटलं होतं. घरात एक जण पाण्यात उतरलेला असला की दुसऱ्याने काठावर बसायला काय हरकत, असंच तिला वाटायचं.

मग तो कायदा आला. देशात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला सरकारी भाषा बोलता आलीच पाहिजे. वर्षभरात परीक्षकासमोर एकट्याने बसायचं, सोबत नवरा नको, मुलगा नको, दुभाष्या नको. नाही जमलं तर राहण्याचा परवाना पुढे वाढणार नाही. कारखान्याच्या भिंतीवर कागद लागला आणि दुपारच्या सुट्टीत, यंत्रं बंद असताना, एरवी गप्प खाणाऱ्या बाया एकदम बोलायला लागल्या. मुकादमीण म्हणाली, बरंच झालं, ज्यांचं मीठ खायचं त्यांच्याशी चार शब्द बोलायला नकोत का? बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. त्यावर गठ्ठे उचलणारी, आपल्याकडचीच एक जण म्हणाली, इतकी वर्षं यांच्या घाणेरड्या चादरी धुतल्या तेव्हा कुणी विचारलं नाही की बाई, तुला बोलता येतं का. दोघींचंही तिला पटलं.

घरी नवरा इतका तापलेला तिने क्वचितच पाहिला होता. सरकारला काय कळतं, म्हणाला. माणसाच्या घरात शिरून त्याच्या बायकोची जीभ मोजणार का हे? मग जरा शांत होऊन म्हणाला की वर्गाबिर्गाला जायची गरज नाही, मीच शिकवतो.

तो शिकवायला बसला खरा. पण पहिल्या दिवशी फळांची नावं झाली, दुसऱ्या दिवशी भाज्यांची, आणि त्यानंतर त्याला रोज कुठली ना कुठली लिफ्ट अडकलेली असायची. दोन महिने गेले तरी ती फळं आणि भाज्यांच्या पुढे सरकली नव्हती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या मावशींनीच तिला हाताला धरून नेलं. मावशी त्यांच्याच मुलखातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. एकुलत्या एक मुलाकडे म्हणून आल्या, मुलगा दुखण्यात गेला, आणि त्या त्याच्या खोलीत एकट्या राहिल्या. तिला आई नव्हती. इथे आल्यापासून डोक्यावर तेल घालायला, रागवायला, काय खाल्लंस विचारायला मावशीच होत्या. "परीक्षा काय घरात बसून होते? चल, मलाही द्यायचीच आहे," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

वर्ग एका शाळेत संध्याकाळी भरायचा. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे मावशींचे गुडघे हनुवटीला लागत. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, आणि पहिल्याच दिवशी खाणाखुणा करून त्यांनी सांगितलं की हा कायदा त्यांना आवडत नाही, पण शिकवायला आवडतं. मावशींच्या डोक्यात शब्द राहत नसत. "सकाळी घालते, संध्याकाळी गळून जातात. चाळणी झालीय नुसती," त्या म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. तिचं मात्र उलट झालं. इतकी वर्षं कानावर पडून पडून आत साठलेलं काहीतरी वर यायला लागलं. दुकानावरच्या पाट्या बोलू लागल्या. बसमध्ये पुढच्या बाकावरच्या दोन बाया सासूच्या चुगल्या करताहेत हे तिला कळलं, तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून हसली.

घरी येऊन ती नवीन शब्द सांगायची. आधी नवरा "वा" म्हणायचा. मग तो नुसता ऐकायला लागला. मग ती बोलू लागली की तो उठून काहीतरी शोधायला लागायचा. तिला वाटलं, बायको पुढे गेलेली पुरुषाला बोचते, होईल सवय.

त्या सुमारास तिची पाळी बिघडली होती. अंगावर फार जायचं, मध्येच यायचं. नवरा म्हणायचा शनिवारी नेतो, आणि शनिवार जायचा. एकदा ती म्हणाली की मी एकटी जाऊन येते, आता चार वाक्यं येतात मला. तो जेवता जेवता थांबला. "दवाखान्यात एकटी जायचं नाही. तिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर जिवावर बेततं," तो म्हणाला. बोलणं काळजीचंच होतं, पण आवाज असा लागला की तिने पुढे काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बाईंनी वर्गाला काम दिलं. प्रत्येकाने एक काम एकट्याने करून यायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं. कुणी टपालात जाणार होतं, कुणी चपला शिवून आणणार होतं. ती कारखान्यातून अर्धा दिवस सुटली आणि दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या, फक्त केस पांढरे झालेले. तिला ती खोली चांगली आठवत होती. या देशात आल्यानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले होते आणि सातव्या महिन्यात सगळं संपलं होतं. इतकं रक्त गेलं की इस्पितळात दोन रात्री तिची शाश्वती नव्हती. बरी झाल्यावर नवऱ्याने तिला इथे आणलं. डॉक्टरीणबाई तिच्या हातावर हात ठेवून खूप वेळ बोलल्या होत्या. नवरा खिडकीबाहेर बघत ऐकत होता. मग वळून म्हणाला होता, "डॉक्टर म्हणतात, आता पुन्हा नाही. जिवाला धोका आहे." इतका मऊ हात आणि त्यातून असला निकाल, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्या बाईंचा तिने मनोमन कितीतरी वर्षं राग केला. मग तोही विझला.

आता तिने तोडकंमोडकं आपलं दुखणं सांगितलं. बाईंनी तपासलं, औषध दिलं, काळजीचं कारण नाही म्हणाल्या. वय झालं की असं होतं. मग सहज विचारावं तसं विचारलं, की त्यानंतर पुन्हा मूल होऊ दिलं नाही का?

तिने शब्द जुळवले. "तुम्ही नाही म्हणालात."

बाईंनी चष्मा काढला. "मी?" त्या म्हणाल्या, आणि मग पुढे एक वाक्य बोलल्या. त्यातलं 'एक वर्ष' तिला कळलं, 'थांबा' कळलं, बाकीचं हातातून निसटलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. बाईंनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, आणि वर म्हणाल्या की अशा वेळी मी सगळ्यांना हेच सांगते, तुम्हालाही हेच सांगितलं असणार.

ती बाहेर पडली ती वाक्य पुटपुटतच. अर्थ माहीत नसलेले आवाज, भरलेली वाटी न्यावी तसे सांभाळत ती चालली. बस आली तरी चढली नाही. बसमध्ये कुणी बोललं आणि एखादा शब्द सांडला तर? आपलंच काही चुकतंय, असं ती स्वतःला समजावत होती. आपल्याला भाषा येतेच किती? फळं, भाज्या आणि चुगल्या.

वर्ग भरायला वेळ होता. शिकवणाऱ्या बाई एकट्याच चहा घेत बसल्या होत्या. तिने त्यांच्यासमोर उभं राहून ते वाक्य म्हणून दाखवलं, लहान मुलीने कविता म्हणावी तसं. कोण म्हणालं हे, असं बाईंनी विचारलं. डॉक्टर, ती म्हणाली. अर्थ सांगा.

बाईंना तिची भाषा येत नव्हती. त्यांनी फळ्यावर वर्षाचे महिने काढले आणि शेवटी रेघ मारली. इथपर्यंत थांबा. मग आपला चहाचा कप तिच्यासमोर सरकवला, 'हवं असेल तर' असं म्हणाल्या आणि हात मागे घेतला. तिने कपाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंनी पुन्हा तसंच केलं. हवं असेल तर घ्या, नको असेल तर नको. आणि बोटाने तिच्याकडे दाखवलं. तुम्ही ठरवा.

तिला कळलं. वर्गाला न थांबता ती घरी गेली.

नवरा कामावरून येऊन न्हाणीत हाताचं ग्रीस धूत होता. ती दारात उभी राहिली आणि ते वाक्य इथल्या भाषेत म्हणाली: एक वर्ष थांबा, मग हवं असेल तर पुन्हा बघा, मी काळजी घेईन, ठरवायचं तुम्ही दोघांनी. त्याच्याशी ती त्या भाषेत पहिल्यांदाच बोलत होती.

त्याचे साबणाचे हात तसेच राहिले. मग म्हणाला, "उच्चार चुकतोय तुझा."

"अर्थ चुकतोय का?"

नळ वाहत होता. त्याने तो बंद केला, हात पुसले, खूप वेळ पुसले. मग म्हणाला की तेव्हा मीही नवाच होतो. दोन वर्षं झाली होती येऊन. मला जे कळलं ते मी सांगितलं. कमी-जास्त कळलं असेल. आता एवढ्या वर्षांनी कोण काय म्हणालं होतं हे कसं सांगू?

हे खरं असू शकत होतं, आणि त्यातच सगळी गोम होती. त्याची भाषा तेव्हा कच्चीच होती, हे तिलाही माहीत होतं. चूक असेल तर माणसाला माफ करावं लागतं. पण माफ करायला मन तयार होईना आणि दोष द्यायला हाती काही लागेना. पुढचे कितीतरी आठवडे ती अशीच टांगलेली राहिली. रोलरसमोर उभी असताना चादरीचं टोक हातातून सुटायचं, समोरची बाई डोळे वटारायची. घरात ती त्याला जेवायला वाढायची, पण बोलणं आटलं. बसा, घ्या, झालं, एवढंच. मावशींना तिने काही सांगितलं नाही, पण त्यांना दिसत होतं. "घरात काय बिनसलंय ते विचारत नाही. पण परीक्षा बुडवू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याने सुट्टी घेतली. ती नको म्हणाली तरी तो सोबत आला. परीक्षेची कचेरी वरच्या मजल्यावर होती. लिफ्टमध्ये दोघंच होते. दार मिटलं, लिफ्टचा पाळणा हलला, आणि करायला दुसरं काही नाही म्हणून ती बटणांच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लागली. सगळ्यात खाली एक लाल बटण होतं आणि त्याच्यावर एकच शब्द ठळक अक्षरांत लिहिला होता. थांबा.

तिने तो वाचला. डॉक्टरीणबाईंच्या वाक्यातलाच तो शब्द. मग नवऱ्याकडे पाहिलं. दर दिवशी, दर लिफ्टमध्ये, इथल्या पहिल्या दिवसापासून हा शब्द त्याच्या डोळ्यांसमोर होता. या देशात येऊन तो सगळ्यात आधी कुठला शब्द शिकला असेल, तर हाच.

तिने काही विचारलं नाही. पण तिची नजर कुठून कुठे आली ते त्याने पाहिलं होतं.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "सगळं कळलं होतं."

लिफ्ट चढत राहिली.

"तू पांढरीफटक पडली होतीस त्या टेबलावर. मी हाका मारत होतो, तू बघत नव्हतीस. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही ठरवा. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. तू हो म्हणालीच असतीस, आणि मी पुन्हा त्या दाराबाहेर बसलो असतो. मला नव्हतं बसायचं."

दार उघडलं. समोरच्या बाकावर लोक आपापल्या पाळीची वाट बघत बसले होते. ती बाहेर आली. काही वेळाने तिचा नंबर पुकारला गेला. नवरा सवयीने उठला.

"तुम्ही इथेच बसा," ती म्हणाली आणि आत गेली.

परीक्षक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी कामाबद्दल विचारलं, तिने चादरींबद्दल सांगितलं. घराबद्दल विचारलं. मुलं आहेत का? नाहीत. नवरा काय करतो? लिफ्ट दुरुस्त करतो, ती म्हणाली. छान बोलतो. माझ्या वाटचंही बोलतो. परीक्षक हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. ती हसली नाही. आपला आवाज आपल्यालाच अनोळखी वाटतोय, पण कापत नाहीये, एवढं तिच्या लक्षात आलं.

ती पास झाली. मावशी नापास झाल्या, आणि दुसऱ्यांदा बसूनही नापासच झाल्या.

मधल्या काळात घर नुसतं चालत होतं. तिने नवऱ्याला सोडलं नाही. जायचं तरी कुठे, आणि खरं सांगायचं तर जावंसं वाटतं की नाही हेही तिला ठरवता येत नव्हतं. तो एकदा म्हणाला, मी तुझ्या जिवासाठी केलं. ती म्हणाली, ते तुमच्या जिवासाठी होतं, माझ्या जिवाचं मला विचारायला हवं होतं. त्यानंतर घरात कारखान्यासारखं झालं. मानेने हो, हाताने नको.

मावशींना अखेरच्या सुनावणीला बोलावलं तेव्हा नियम असा निघाला की नात्यातलं कुणी चालणार नाही, पण परीक्षा पास झालेला कुणी रहिवासी सोबत बसून भाषांतर करू शकतो. मावशी म्हणाल्या, मग तूच चल. नवरा त्यांची पिशवी धरून सोबत आला आणि मागच्या खुर्चीवर बसला.

अधिकारी तरुण होता, वागायला वाईट नव्हता. त्याने मावशींना पाणी दिलं. मग तिच्याकडे बघून सांगायला लागला. परवाना वाढवता येत नाही. दोन महिन्यांत देश सोडावा लागेल. एक मार्ग मात्र आहे. या बाईंची बुद्धी आता काही शिकण्याच्या पलीकडे गेली आहे असं डॉक्टरने लिहून दिलं, तर भाषेची अट माफ होते. मग त्यांना राहता येईल. अर्थात तसं ठरलं की त्यांच्या पैशाचे, घराचे, औषधपाण्याचे निर्णय त्या घेऊ शकणार नाहीत. सरकार एक पालक नेमेल. पुढे त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं की घरी, हेही तो पालक ठरवेल.

"काय म्हणतो गं?" मावशींनी विचारलं.

तिने तोंड उघडलं आणि वाक्य जिभेवर तयार होतं. डॉक्टरची चिठ्ठी आणली की काम होईल, मावशी. एवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. सार काढून दिलेलं होतं. मावशी तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतील, दाखवाल तिथे अंगठा उठवतील, आणि उद्याही वरच्या मजल्यावर असतील. रविवारी डोक्यावर तेल घालतील. तिला दुसरं होतं तरी कोण? आणि त्या गावाला गेल्या तर तिथे एक म्हातारा भाऊ तेवढा, या वयात त्यांचं कोण करणार? त्यांच्या भल्याचंच होतं ते.  मागे बसलेल्या नवऱ्याला अधिकाऱ्याचा शब्दन् शब्द कळला होता, हे तिला ठाऊक होतं. तिने मागे पाहिलं नाही. त्याला दाखवायला म्हणून खरं बोलावं, असंही तिला नको होतं.

"मावशी," ती म्हणाली, "मी सगळं सांगते. मध्ये बोलू नका."

आणि तिने जसंच्या तसं सांगितलं. बुद्धीचं सांगितलं, पालकाचं सांगितलं, आश्रमाचंही सांगितलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या खोलीच्या किल्लीलाही मी विचारून हात लावायचा?"

"हो."

"पण पालक म्हणून तुला नेमतील ना? तुला विचारायला मला कसली लाज?"

तिने अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, विनंती करता येईल, खात्री देता येणार नाही, बहुतेक वेळा सरकारी माणूसच नेमतात. तिने तेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज फाटला.

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू सांग, मी काय करू?"

टेबलावरच्या पेल्यात पाणी तसंच होतं. अधिकारी घड्याळाकडे न बघता थांबला होता, हे त्याचे उपकारच म्हणायचे. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की राहा, काहीही लिहू द्या त्यांना, पण राहा.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "मला वाटतं तुम्ही राहावं. पण ते माझं झालं. तुमचं तुम्ही म्हणा, मी त्याला तेच सांगते."

मावशींनी पदर सावरला. मग अधिकाऱ्याकडे सरळ बघत, जणू त्याला आपली भाषा कळतेच आहे अशा थाटात म्हणाल्या, "त्याला म्हणावं, शब्द डोक्यात राहत नाहीत हे खरं. पण डोकं माझंच आहे. ते मी कुणाच्या नावावर करून देणार नाही. मी भावाकडे जाते."

तिने ते इथल्या भाषेत सांगितलं. एका शब्दाशी ती अडखळली, तेव्हा मागून नवऱ्याने तो शब्द हळूच पुरवला नाही. शब्द सापडेपर्यंत ती थांबली, आणि तो तिचा तिला सापडला. अधिकाऱ्याने मान खाली घातली. नियमापुढे आपला इलाज नाही, असं काहीसं तो म्हणाला. तेही तिने मावशींना सांगितलं.

मावशी गेल्या त्या दिवशी तिने कारखान्यात रजा टाकली. मावशींनी भांडी वाटून टाकली, पलंग मुकादमिणीला दिला, आणि निघताना रडल्या नाहीत. "कुणी मला वेडी ठरवून ठेवलं असतं आणि मला कळलंही नसतं, तर मग मी खरी वेडी," एवढं म्हणाल्या आणि तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

घरी परतल्यावर ती पायऱ्यांवरच बसली. वरच्या मजल्याचं दार बंद दिसत होतं. तिला कायद्याचा संताप आला होता. त्याच कायद्याने तिला बोलायला तोंड दिलं होतं, हे आठवून तो संताप कमी होईना, उलट वाढला. नवरा दोन पायऱ्या खाली बसला. 

मग म्हणाला, "सुनावणीत तुझ्या ओठांवर आलं होतं ना? खोटं सांगायचं?"

"आलं होतं."

"मग?"

"मग काय? आलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला का सुचलं ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही."

त्याने मान हलवली. काही वेळाने पुन्हा विचारलं, अगदी हळू, की त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?

हा प्रश्न तिने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की उत्तर तयार असायला हवं होतं. 

"कोण जाणे," ती म्हणाली. "भ्याले असते मीही. कदाचित नकोच म्हटलं असतं."

तो तोंड ओंजळीत घालून रडायला लागला. इतक्या वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ती उठली नाही, त्याच्या पाठीवर हातही ठेवला नाही. पण उठून आत निघूनही गेली नाही. जिन्यातला दिवा आपोआप लागला, थोड्या वेळाने विझला, आणि खालून कुणीतरी सामान घेऊन वर येतंय असं वाटल्यावर तिने त्याला सरकून वाट द्यायला सांगितलं.